मालक–कामगार संबंधांतील बिघाड

नोकरीच्या करारात वेतन, कामाचे तास आणि रजा लिहिता येतात. काम किती जोमाने करायचे आणि माणसाला कसे वागवायचे, हे मात्र कागदावर पुरते उतरत नाही. ती बाजू परस्परविश्वासावर चालते. बहुतेक बिघाडाची सुरुवात तिथेच होते. संप आणि टाळेबंदी ही त्याची उशिरा दिसणारी रूपे होत. त्याआधी गैरहजेरी वाढते, माणसे नोकरी सोडू लागतात आणि उरलेली नेमून दिले तेवढेच काम करतात.

अपुरे वेतन, सक्तीचा ओव्हरटाइम, असुरक्षित यंत्रे, कामगारकपात ही उघड कारणे आहेत. पण पैशाचा वादही निव्वळ पैशाचा नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मधील अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के वेतनकपात झाली. एका ठिकाणी सुमारे दीड तास सभा घेऊन हिशेब मांडला गेला, खेद व्यक्त झाला, प्रश्नांना उत्तरे मिळाली. दुसरीकडे १५ मिनिटांत सभा आटोपली. कपात तेवढीच, पण दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या जास्त झाल्या आणि नोकरी सोडणारेही अधिक निघाले.

उत्पादनावर मजुरी ठरते तिथे, वेग वाढवला की नगामागचा दर उतरणार, ही धास्तीच हात राखून काम करायला पुरेशी असते. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९३१–३२ मध्ये टेलिफोन-यंत्रणेची तारजोडणी करणाऱ्या १४ जणांच्या गटाचे निरीक्षण झाले. दिवसाचे काम किती, हे त्यांनी आपसांतच ठरवले होते. पुढे धावणाऱ्याच्या दंडावर सहकारीच गुद्दा घालत.

सर्वांत घातक ठरते ते दाद न लागणे. ज्या मुकादमाविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच हातून ते वर जाणार असेल, तर कोणी तोंड उघडत नाही आणि किरकोळ तक्रारी साठत जातात. तक्रार केल्याबद्दल कामगाराला त्रास होऊ नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केली. संघटनास्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांवरील तिचे करार त्याआधीचे, अनुक्रमे १९४८ आणि १९४९ चे आहेत. तरीही मालकाने कामगार संघटनेला मान्यता नाकारणे हे संपाचे नेहमीचे कारण राहिले आहे.

कामगार संघटनांमधील चढाओढ आणि झालेला समझोता मोडणे यांमुळेही बोलणी फिसकटतात. संप मिटल्यावर पुढाऱ्यांना वेचून कामावरून काढले, तर पुढच्या वाटाघाटींना कोणी विश्वासाने बसत नाही.