पाय उचलला की थांबणारी थरथर

गोव्यातल्या साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान. तिसऱ्या गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सीटखालून थरथर यायची आणि पाय उचलला की त्याच क्षणी थांबायची. परतताना उतारावर काहीच नाही. दोनदा व्हील बॅलन्सिंग करून घेतलं, पण थरथर होती तशीच राहिली.

बॅलन्सिंगने ती जाणारच नव्हती. चाकाचा एक भाग किंचित जड असेल तर ते दर फेऱ्याला एक हिसका देतं. हा हिसका वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून बहुधा ८०-१०० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. पण इंजिन जोर लावतंय की नाही, याच्याशी त्या हिसक्याचा संबंध नसतो. वेर्ण्याच्या सरळ रस्त्यावर पाय उचलल्यावरही थरथर चालूच राहिली, तर चाक आणि टायर तपासा.

जोर लावतानाच थरथर येत असेल तर वेग तोच ठेवून गियर बदलून बघा. गियरबरोबर थरथरीची लय बदलली तर संशय इंजिनावर. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर प्लग किंवा कॉइल तिथेच दगा देते. गाडी मिसिंग मारते म्हणतात ते हेच. इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे त्याला गाडीत धरून ठेवणारं रबर, फाटलं असेल तरीही जोर लावताना हादरे बसतात. उभी गाडी सुटतानाच तेवढी थरथरली, तर आधी क्लच बघावा.

माझ्या गाडीत गियर बदलूनही लय तीच होती. म्हणजे दोष गियरबॉक्सच्या पुढे, इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्यात, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टमध्ये.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत प्रत्येक शाफ्टला दोन सांधे असतात. चाकाकडच्या सांध्यात बहुधा सहा गोळ्या असतात. तो झिजला की पूर्ण वळवताना टकटक ऐकू येते. गियरबॉक्सकडचा सांधा बहुतेक गाड्यांत तीन रोलरांचा असतो. हे रोलर तीन खोबणींत पुढेमागे सरकतात, म्हणून चाक खड्ड्यात खाली-वर झालं तरी शाफ्टची लांबी जुळते. खोबणी झिजली की रोलर अडखळतो आणि दर फेऱ्याला तीन धक्के बसतात. टायरचा घेर १.८ मीटर धरला तर ताशी ५४ किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ८ फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २५ धक्के! जोर लावला की गाडीचं नाक उचलतं, शाफ्टचा कोन वाढतो आणि धक्के मोठे होतात. डिकीत सामान असलं की आणखीच. पाय उचलल्यावर मात्र रोलर खोबणीच्या दुसऱ्या बाजूला टेकतो, जी फारशी झिजलेली नसते.

सांध्यावर रबराचं बूट असतं, आत ग्रीस. बूट फाटलं की ग्रीस उडून जातं आणि आपल्याकडच्या पावसात लाल चिखल सरळ आत शिरतो. पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंची बुटं बॅटरी मारून बघावीत, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. आजूबाजूला काळे शिंतोडे दिसले तर समजावं की ग्रीस बाहेर येतंय.

माझ्या गाडीच्या बुटाची क्लिप सैल झाली होती. सांधा उघडून पुसल्यावर तिन्ही खोबणींत नखाला लागतील असे खड्डे सापडले, तेही एकाच बाजूला.