फील्डला जाण्याआधी मनाची तक्रार: सिक रिपोर्टपासून मेडिकल बोर्डापर्यंत

मूव्ह ऑर्डर, म्हणजे युनिट हलवण्याचा हुकूम, आली की पुढच्या आठवड्यात सकाळच्या सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी जवानांच्या तपासणीला, रांग वाढते. एम.आय. रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करताना हे मी दर वेळी पाहिलं. नाईक हुद्द्याचा एक जवान लागोपाठ तीन दिवस कंबर दुखते म्हणून आला. चौथ्या दिवशी आर.एम.ओ. (युनिटचे डॉक्टर) साहेबांनी पुन्हा तपासलं, काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी विचारलं की रात्री झोप लागते का. तो बुटाची नाडी बोटाला गुंडाळत बराच वेळ गप्प बसला. बारा रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. गावी जमिनीची केस, बायकोला सातवा महिना, आणि डोक्यावर काश्मीरची पोस्टिंग.

त्याला वाटत होतं, सिक रिपोर्ट फक्त शरीराच्या दुखण्यासाठी असतो. तसं नाही. झोप उडणं, छातीत धडधडणं, कारण नसताना साथीदारावर हात उगारणं, दारू वाढणं, यातलं काहीही सांगून तुम्ही नाव लिहवू शकता. त्यासाठी अर्ज नाही. ओळखपत्र पुरतं. आधी बाहेर किंवा सुट्टीत गावी उपचार घेतले असतील तर त्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं मात्र सोबत न्या. गोळ्या ट्रंकेत लपवून वर नेऊ नका. अचानक बंद पडल्या की त्रास दुपटीने उसळतो, आणि पोस्टवर त्या मिळतीलच असं नाही.

सेवेतला प्रत्येक जण यासाठी पात्र आहे. अधिकारी, जे.सी.ओ. (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी), जवान, अग्निवीरही. नियमित सेवेतल्यांवर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांनाही डिपेंडंट कार्डावर लष्करी रुग्णालयात दाखवता येतं.

बऱ्याच जणांचं काम आर.एम.ओ.शी बोलण्यावरच भागतं. थोडी विश्रांती, थोडं औषध, कधी कंपनी कमांडरांशी बोलून सुट्टी. त्याहून जास्त वाटलं तर मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात, आणि इथे पहिला खरा कागद येतो: ए.एफ.एम.एस.एफ.-१०. हा फॉर्म तुम्ही भरायचा नसतो, तुमच्या युनिटचे कमांडिंग ऑफिसर भरतात. वागणं कसं आहे, कामात काय फरक पडला, इतरांशी पटतं का, हे त्यात लिहितात. म्हणजे या टप्प्यावर युनिटला कळतं. हे लपवून काही उपयोग नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. पण यातूनच एक काम साधतं: घरची अडचण आधीच कंपनी कमांडरांना किंवा सुभेदार साहेबांना सांगून ठेवा. मग त्या फॉर्मवर ‘अलीकडे चिडचिडा झाला आहे’ एवढंच न राहता त्यामागचं कारणही उतरतं.

तज्ज्ञांनी तपासून गरज वाटली तर मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांचं मंडळ, बसतो. त्याचे कागद ए.एफ.एम.एस.एफ.-१५ वर होतात. भीती असते ती इथली, ‘कॅटेगरी लागेल’ ही. शेप या सैनिकांच्या तंदुरुस्तीच्या वर्गीकरणातलं पहिलं अक्षर एस म्हणजे मानसिक स्थिती. एस-१ म्हणजे कुठेही, कसलीही ड्यूटी. आकडा वाढला की मर्यादा वाढतात. सुरुवातीला कॅटेगरी बहुधा तात्पुरती असते, टी-२४ लिहिलं असेल तर २४ आठवड्यांची. मुदत संपली की पुन्हा तपासणी होते, आणि बरं वाटत असेल तर एस-१ परत मिळू शकते. त्या काळात हत्यार किंवा उंचावरची ड्यूटी सहसा मिळत नाही, कोर्स आणि बढतीही अडू शकते. हे नुकसान खरं आहे. तरीही २४ आठवडे खालच्या ठाण्यावर काढणं आणि झोप उडालेल्या अवस्थेत भरलेली रायफल घेऊन एकट्याने सेंट्री (पहारा) करणं, यात काय निवडायचं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वेळेचंही भान ठेवा. सांगायचं ते निघण्याआधी सांगा. अति उंचीवर जाताना हवामानाची सवय होण्यासाठी टप्प्याटप्प्याने थांबवतात, आणि तिथे विरळ हवेने सगळ्यांचीच झोप मोडते. मग तुमचा त्रास मनाचा की उंचीचा, हे डॉक्टरांनाही पटकन कळत नाही.

जीव द्यावासा वाटत असेल तर सकाळची वाट पाहू नका. बडीला (जोडीच्या साथीदाराला) उठवा, ड्यूटीवरच्या नर्सिंग असिस्टंटकडे जा, रात्रीचे दोन असले तरी. बडीने अशा वेळी ‘झोप, सकाळी बघू’ म्हणायचं नाही, आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

युनिटमध्ये तोंड उघडवतच नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी याचा वेगळा कक्ष सुरू झाला. फोनसाठी कोणाची परवानगी लागत नाही. घरच्यांनीही हा नंबर लिहून ठेवावा. फोनवरचा आवाज बदललाय हे बहुतेकदा बायकोला किंवा आईला आधी कळतं.

आणि त्या जमिनीच्या केसचं. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ नुसार विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्या सैनिकाविरुद्धचा दिवाणी दावा न्यायालय थांबवू शकतं. त्यासाठी कमांडिंग ऑफिसरांचं प्रमाणपत्र लागतं. दाव्याचा नंबर, न्यायालयाचं नाव आणि पुढची तारीख लिहून युनिटच्या ऑफिसात अर्ज द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही अशा कामात पाठपुरावा करतं. त्या नाईकाचा हा कागद निघाला, तारीख पुढे गेली, आणि त्या रात्री तो सकाळची घंटा होईपर्यंत झोपला होता.