लांबट भोकाची साक्ष

तेलविहीर खोदणारं बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, ८.५ इंची; तेव्हा समुद्रतळाखाली दोन किलोमीटरवरचं भोकही ८.५ इंची गोल हवं. पण भोकाची रुंदी मोजणारं चार हातांचं कॅलिपर तारेवर खाली सोडून वर ओढत आणलं, की कधी समोरासमोरचे दोन हात ८.५ सांगतात आणि उरलेले दोन ११. ड्रिलिंगवाल्यांच्या लेखी ही निव्वळ कटकट: ढासळलेले तुकडे उपसा, सिमेंट जास्त ओता.

कॅनडातल्या अल्बर्टात १९७० च्या सुमारास लक्षात आलं, की एकमेकींपासून दूरदूरच्या तेलविहिरीही एकाच दिशेला, वायव्य-आग्नेय, लांबट होतात. १९७९ मध्ये बेल आणि गॉफ या संशोधकांनी कारण सांगितलं. जमिनीखाली खडक सगळीकडून सारखा दाबलेला नसतो. नदीतल्या कातळाला वळसा घालताना पाणी दोन्ही अंगांनी जोरात निघतं ना, तसा भोकाला वळसा घालणारा दाब दोन्ही बगलांना एकवटतो. टवके उडतात ते तिथलेच. म्हणजे अल्बर्टात खडक सर्वाधिक दाबला जातोय तो याच्या काटकोनात, ईशान्य-नैर्ऋत्य.

यातली मला आवडणारी गोष्ट अगदी बारकी आहे. तारेच्या पिळामुळे कॅलिपर वर येताना हळूहळू फिरत असतं. टवके उडालेल्या जागी आलं की दोन हात खाचेत बसतात आणि फिरणं थांबतं. चारही हात फाकले तर मात्र ती नुसती धूप.

ही झाली दिशा. जोर मोजायला केसिंग, म्हणजे भोकाला आतून बसवलेला पोलादी पाइप, सिमेंटने पक्कं करतात, त्याखाली थोडा नवा खडक खोदतात आणि मड, म्हणजे खोदताना भोकात भरलेला चिखलासारखा द्रव, पंपाने दाबत राहतात. आलेखावर दाबाची रेषा सरळ चढते. ती कलली की समजायचं, खडकाला चीर पडून मड आत शिरतंय. किमान आडव्या दाबाचा अंदाज त्यावरून येतो. खोल समुद्रात हे फार नाजूक प्रकरण असतं. १,००० मीटर पाण्याचा भार जेमतेम १० मेगापास्कल, तेवढ्याच जाडीच्या गाळखडकाचा त्याच्या दुपटीच्या आसपास. वरचं ओझं कमी, म्हणून खडक लवकर फाटतो. मड हलकं ठेवलं तर भोक ढासळतं, जड केलं तर चीर पडते.

बोर्निओच्या किनाऱ्यावर, ब्रुनेईजवळच्या बराम त्रिभुज प्रदेशात तर अशा भोकांनी कोडंच घातलं. बाहेरच्या, खोल पाण्याकडच्या विहिरींत सर्वाधिक आडवा दाब किनाऱ्याला समांतर, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींत थेट काटकोनात. बाहेर गाळाचा ढीग स्वतःच्याच वजनाने समुद्राकडे सरकतोय. आत मात्र बोर्निओचा रेटा पोचलाय, आणि ज्या भ्रंशांवरून, म्हणजे खडकातल्या सरकत्या भेगांवरून, गाळ पूर्वी खाली घसरला होता, त्यांतल्या काहींवर तो उलटा वर ढकलला गेलाय.