कल्पित वाफेची इंजिने आणि नाशिकचा रेल्वेछंद

प्रत्यक्षात कधी बांधली गेली नाहीत, पण बांधता आली असती अशा वाफेच्या इंजिनांचे आराखडे कागदावर किंवा संगणकावर तयार करण्याचा छंद. रेल्वेप्रेमींच्या नेहमीच्या छंदांत फलाटावर उभे राहून इंजिनांचे क्रमांक टिपणे, फोटो काढणे, वेळापत्रके पाठ करणे आणि छोटी मॉडेल्स बनवणे येते. त्या मानाने हा छंद थोडा एकांतातला आहे. नुसते सुंदर चित्र काढले तर ती चित्रकला झाली. आराखडा म्हणवून घ्यायचा असेल, तर ते इंजिन कोणत्या मार्गासाठी, कोणत्या साली, किती ओझ्यासाठी आणि का, याची उत्तरे द्यावी लागतात. नाशिक परिसरात ‘का’चे उत्तर बहुतेक वेळा एकच असते : कसारा घाट.

घाट आणि १९३०

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची (जीआयपी) मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली आणि १ जानेवारी १८६५ रोजी कसारा–इगतपुरी हा थळ (म्हणजेच कसारा) घाटाचा टप्पा वाहतुकीस खुला झाला. सुमारे १५ कि.मी. अंतरात सुमारे ३०० मी. उंची गाठायची, तीही ३७ ला १ अशा चढाने, म्हणजे ३७ मी. पुढे गेले की १ मी. वर. बोगदे, वळणे आणि एहेगावचा उंच पूल ओलांडत गाडी इगतपुरीत पोचते. कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने लावायची रीत तेव्हापासूनची. त्यांना ‘बँकर’ म्हणतात आणि मुंबई–नाशिक रोजची ये-जा करणाऱ्याला हा शब्द कोणी समजावून द्यावा लागत नाही. दोन्ही टोकांना इंजिने लावून धावणारी राजधानी २०१९ मध्ये या मार्गावर आली आणि तिला घाटात बँकरसाठी थांबावे लागले नाही, तेव्हा घाटप्रेमींना थोडे चुकल्यासारखे वाटले असेल तर नवल नाही.

कल्पित इंजिनांच्या दृष्टीने कळीचे साल १९३०. त्या वर्षी कल्याण–इगतपुरी मार्गावर १५०० व्होल्ट डीसी विजेच्या तारा आल्या आणि घाटातले कोळशाचे इंजिन संपले. त्याच्या जागी आलेले सुमारे २,६०० अश्वशक्तीचे, पुढे-मागे लांब नाके आणि चाकांना दांडे असलेले विजेचे इंजिन ‘खेकडा’ या नावाने प्रसिद्ध झाले. इगतपुरीच्या पुढे, देवळाली, नाशिक रोड, मनमाडकडे मात्र वाफ आणखी तीन दशकांहून अधिक काळ टिकली. त्यामुळे इतिहासात एक विचित्र फट राहिली. भारतातली सर्वांत मोठी वाफेची इंजिने १९३० च्या सुमारास आणि त्यानंतर आली, पण या घाटात कामाला लागायची वेळ त्यांच्यावर आली नाही. तारा आल्याच नसत्या तर कसाऱ्याला कोणते इंजिन उभे असते? नाशिककराने रंगवलेल्या कल्पित इंजिनाची गोष्ट सहसा इथून सुरू होते.

एक नमुना : कसाऱ्याचा दहाचाकी बँकर

अशा आराखड्याचे गणित कसे मांडतात, ते एका उदाहरणावरून कळते. सुरुवात नेहमी खऱ्या इंजिनापासून करावी. भारतीय रेल्वेचे मालवाहू ‘डब्ल्यूजी’ इंजिन घेऊ. हे १९५० पासून चित्तरंजनला बनू लागले आणि सर्व कारखाने मिळून २,४५० बांधली गेली. त्याचे सिलिंडर २१⅞ इंच व्यासाचे, दट्ट्याची (पिस्टनची) धाव २८ इंच, वाफेचा दाब दर चौरस इंचाला २१० पौंड आणि चालक चाके, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणारी, ६१½ इंचांची. ओढ, म्हणजे इंजिन किती जोराने ओढू शकते, ती काढायचे सूत्र सोपे आहे. दाबाचे ८५ टक्के घ्यायचे, त्याला सिलिंडरच्या व्यासाच्या वर्गाने आणि दट्ट्याच्या धावेने गुणायचे आणि चाकाच्या व्यासाने भागायचे. डब्ल्यूजीसाठी उत्तर येते सुमारे ३८,९०० पौंड, म्हणजे १७.६ टन.

आता बॉयलर आणि सिलिंडर तेच ठेवून चाके ५२ इंचांची करायची आणि चार चालक आसांऐवजी (अ‍ॅक्सलऐवजी) पाच घ्यायचे. ओढ जाते सुमारे २०.९ टनांवर. प्रत्येक आसावर १८.५ टन धरले तर रुळांवर पकड घेणारे वजन ९२.५ टन होते, ओढीच्या साधारण ४.४ पट. वाफेच्या इंजिनाला चारपट पुरते असे मानतात, तेव्हा चाके जागच्या जागी गरगरणार नाहीत. ३७ ला १ चढावर दर टनामागे नुसत्या चढाला २७ किलो ओढ लागते. वळणे आणि घर्षण धरून ३२ म्हणू. म्हणजे हे इंजिन स्वतःसकट सुमारे ६५० टन वर चढवेल. स्वतःचे १३५ टन वजा केले की हाती सव्वापाचशे टनांच्या आत राहते. कागदावर छान दिसते.

घोळ पुढे सुरू होतो. एवढी ओढ ताशी २० कि.मी. वेगाने द्यायची तर चाकांपाशी सुमारे १,५०० अश्वशक्ती हवी आणि तीही चढ संपेपर्यंत अखंड. बॉयलर तोच आहे, शेगडी तीच आहे. ओढ चाके लहान करून मिळवता येते, वाफ मात्र भट्टीतूनच यावी लागते. नवशिक्याचे इंजिन इथे धापा टाकते. खेकड्याच्या २,६०० अश्वशक्तीशेजारी हा आकडा ठेवला की वाफ या घाटातून का गेली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

टेंडर, म्हणजे इंजिनामागचा पाणी-कोळशाचा वेगळा डबा, लावायचे की नाही, हा या आराखड्यातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न. बँकर वर जाऊन परत खाली यायचा, त्यामुळे त्याला दर खेपेला फिरवत बसणे परवडत नाही. पाणी-कोळसा अंगावरच वाहणारे टँक इंजिन सोयीचे. पण पाणी संपत जाते तसे पकडीचे वजनही घटते, हा टँक इंजिनाचा जुना दोष. घाट मात्र त्याच्या बाजूने एक गोष्ट करतो. ७ मी. लांबीच्या बॉयलरच्या दोन टोकांमध्ये ३७ ला १ उतारावर पाण्याच्या पातळीत सुमारे १९ सें.मी.चा फरक पडतो. भट्टीचे तांब्याचे किंवा पोलादी छत पाण्याबाहेर राहिले तर ते तापून मऊ होते आणि मग स्फोट. धुरांडे इगतपुरीकडे करून उभे केलेले, कधीही न फिरवलेले इंजिन चढताना सरळ आणि उतरताना उलटे धावते. दोन्ही वेळा भट्टी खालच्या अंगालाच राहते आणि छत पाण्याखाली. या एका कारणासाठी मी टेंडरला नकार देईन. राहता राहिली वळणे : पाच आस एका चौकटीत जखडले तर ते वळणावर अडतात, म्हणून मधल्या चाकांची कड काढून टाकायची. ब्रिटनच्या ‘नाइन-एफ’ इंजिनांत हेच केले होते.

जाणकार शेवटी नावावर येतात. हे इंजिन १९३१ चे म्हणायचे आणि त्याला ‘डब्ल्यू’ अक्षराने सुरू होणारे नाव द्यायचे, हे चालत नाही. ती पद्धत १९४७ मध्ये ‘डब्ल्यूपी’ आले तेव्हाची. त्याआधीची प्रमाणित ब्रॉडगेज इंजिने ‘एक्स’ अक्षराची. आणि डब्ल्यूजीचा बॉयलर १९३१ मध्ये आणलाच कुठून, असाही खवचट प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून एकतर साल पुढे न्यावे, नाहीतर बॉयलर बदलावा.

कारखान्यांनी कल्पिलेली इंजिने

कल्पना फक्त हौशी माणसांनीच केल्या असे नाही. बहुतेक मोठ्या इंजिन कारखान्यांत पूर्ण झालेल्या इंजिनांपेक्षा सोडून दिलेल्या आराखड्यांची संख्या मोठी असते. ब्रिटिश रेल्वेच्या रॉबर्ट रिडल्स यांच्या हाताखाली आधी चार चालक आसांचे मालवाहू इंजिन रेखाटले गेले. पुढे त्याचे पाच आसांचे नाइन-एफ झाले आणि १९५४ ते १९६० मध्ये २५१ बांधली गेली. डेव्हिड वॉर्डेल यांनी एकविसाव्या शतकात नव्या तंत्राच्या वाफेच्या इंजिनाची ‘फाइव्ह-एटी’ योजना गणितासकट मांडली होती. पैशांअभावी ती थांबली.

आणि कधीकधी कल्पनेत राहायला हवे होते ते इंजिन चुकून बांधले जाते. अमेरिकेच्या ईरी रेल्वेसाठी बाल्डविन कारखान्याने १९१४ मध्ये तीन जोड चाकांच्या संचांचे ‘ट्रिप्लेक्स’ बनवले. तिसरा संच टेंडरखाली. ओढ प्रचंड, पण एकच बॉयलर सहा सिलिंडरांना वाफ पुरवणार किती? वापरलेली वाफ धुरांड्यातून सोडून तिने आगीला हवा ओढायची, हा वाफेच्या इंजिनाचा जीव. इथे तिचा निम्मा भाग मागच्या वेगळ्या नळीतून वाया जाई. परिणामी हे धूड माणसाच्या धावेपलीकडे फारसे जात नसे. नाशिकच्या घाटासाठी राक्षसी इंजिन रेखाटणाऱ्याला ट्रिप्लेक्सची आठवण करून देणे, हे जुन्या छंदिष्टांचे हक्काचे काम आहे.

त्याहून शहाणा मार्ग गॅरेटचा. हर्बर्ट गॅरेट यांच्या रचनेत मध्ये एक जाड, आखूड बॉयलर आणि त्याच्या पुढे-मागे वळणावर मोकळेपणी फिरणारे दोन चाकसंच असतात. बॉयलरखाली चाकेच नसल्याने भट्टी हवी तेवढी रुंद आणि खोल करता येते. पहिली दोन इंजिने १९०९ मध्ये टास्मानियासाठी बनली. भारतात दार्जिलिंगच्या छोट्या रुळांवर एक गॅरेट १९११ मध्ये आले आणि बंगाल-नागपूर रेल्वेने ब्रॉडगेजवर सोळा चालक चाकांची गॅरेटे चालवली. कसारा घाटाच्या कल्पित इतिहासात गॅरेट हे सर्वांत पटणारे पात्र आहे, कारण त्याला दोन बँकरांचे काम एका फायरमन-ड्रायव्हरच्या जोडीवर करता आले असते. वेळ चुकली इतकेच.

ट्रामवे आणि न टाकलेले रूळ

दुसरा धागा नाशिकच्या स्वतःच्या ट्रामचा. १८८९ च्या सुमारास मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपासून नाशिक रोड स्थानकापर्यंत ८ ते १० कि.मी.ची, २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांची ट्राम सुरू झाली. दोन डबे, ओढायला चार घोडे. ती १९३१ ते १९३३ च्या दरम्यान बंद पडली. तिचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वेमुळे प्रसिद्ध झालेले ते हेच.

कल्पनेला एवढा दुवा पुरतो. बार्शीची गाडी याच रुंदीच्या रुळांवर १८९७ मध्ये सुरू झाली. प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको हा कॅलथ्रॉप यांचा नियम आणि त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने चार चालक आसांची टँक इंजिने दिली. घोडे सोडून तेच इंजिन नाशिकच्या ट्रामला जोडले तर? पुढे रूळ पंचवटीला, तिथून त्र्यंबकेश्वराला नेले तर? त्र्यंबकला आजही रेल्वे नाही आणि सिंहस्थात लाखोंची गर्दी रस्त्यानेच जाते. त्यामुळे कुंभमेळ्याची छोटी स्पेशल गाडी हा नाशिकच्या कल्पित वेळापत्रकांचा लाडका विषय व्हायला काहीच हरकत नाही. नाशिक–पुणे थेट मार्ग हा दुसरा. त्याच्या मागण्या आणि सर्वेक्षणे यांच्यावर दोन पिढ्या पोसल्या गेल्या. सिन्नर, संगमनेरमार्गे जाणारी वाफेची मिश्र गाडी आणि चंदनापुरी घाटात तिला लागणारा बँकर हे निदान कागदावर तरी केव्हाच धावून झाले आहेत.

साधने आणि संदर्भाची ठिकाणे

पूर्वी आलेखाचा कागद, पट्टी, कंपास आणि कोणाच्या तरी ओळखीने पाहायला मिळालेला शेडमधला नकाशा एवढीच सामग्री होती. आता खऱ्या इंजिनांच्या बाजूच्या आकृत्या संगणकावर तुकडे करून जोडतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर संगणकावर यंत्रभाग रेखाटणाऱ्यांना ती आज्ञावली नवी नाही. तयार झालेले इंजिन ओपन रेल्ससारख्या सिम्युलेटरमध्ये चालवूनही पाहता येते. जोडतुकड्यांची पद्धत सोपी असली तरी तिच्यात चुका लपतात. बॉयलर लांबवला जातो पण राखेच्या पेटीला जागा उरत नाही, दांडा पायरीला घासतो, ड्रायव्हरला पुढचे काही दिसत नाही. चाके आधी, मग भट्टी, मग बॉयलर आणि बाह्यरूप सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवला तर यातल्या बऱ्याच टळतात. डब्ल्यूपीचे टोकदार नाक आणि त्यावरचा तारा मात्र प्रत्येकाला एकदा तरी लावून पाहायचा असतोच.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि हरियाणातील रेवाडीची वाफेची शेड लांब पडतात. पुण्यातले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय जवळचे. मीटरगेजची इंजिने आठवणारी माणसे मनमाडला भेटतात, कारण तिथून औरंगाबादकडे जाणारी गाडी १९९० च्या दशकापर्यंत छोट्या रुळांवर होती. ब्रॉडगेजवरचे वाफेचे युग १९९५ मध्ये संपले.

एक संदर्भ मात्र नाशिक रोडलाच छापला गेला. इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटे छापली जात. १९३७ च्या मालिकेतल्या चार आण्यांच्या तिकिटावर मेल गाडी आहे, १९५३ च्या शताब्दी तिकिटावर १८५३ आणि १९५३ ची इंजिने एकत्र आहेत आणि १९७६ मध्ये इंजिनांची चार तिकिटांची मालिका निघाली. तिच्यात १८५३ चे जीआयपी इंजिन, १८९५ चे ‘एफ-वन’ आणि १९६३ चे ‘डब्ल्यूपी-वन’ ही वाफेची, तर चौथे डिझेल. भिंगाखाली धरले तर या तिकिटांवर चाकांची मांडणी मोजता येते आणि दांडे कोणत्या चाकाला जोडले आहेत तेही बऱ्यापैकी दिसते. आराखड्याला सुरुवात करायला तेवढे पुरते.