दुसऱ्या नंबराचा घोडा: स्टे गोल्डच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

जपानमध्ये मोठ्या शर्यतीआधी प्रत्येक घोड्याची ओळख करून देताना त्याच्या नावापुढे त्याचा ‘मुख्य विजय’ लिहितात. १९९८, १९९९ आणि २००० च्या वसंतातल्या ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींच्या याद्या उघडल्या, तर तिथे जपान डर्बी, किक्का शो, अरिमा किनेन अशी मातब्बर नावं ओळीने दिसतात. एकाच घोड्यापुढे लिहिलेलं असे: ‘अकान-को तोकुबेत्सु’. अकान-को म्हणजे होक्काइदो बेटावरचा अकान तलाव. त्या तलावाच्या नावाची ही मधल्या वर्गातली साधी शर्यत, सप्पोरोच्या रेसकोर्सवर सप्टेंबर १९९७ मध्ये झालेली. सम्राटाच्या नावाच्या तेन्नो शोमध्ये, लाखभर माणसांसमोर, हा घोडा एवढंच बिरुद घेऊन उतरायचा आणि दुसरा यायचा.

त्या घोड्याचं नाव स्टे गोल्ड. नावात सोनं, पण पदरात कायम रौप्य. म्हणून लोक त्याला ‘सिल्व्हर कलेक्टर’ म्हणू लागले. त्यात माया होती, पण हा घोडा मोठी शर्यत जिंकणार नाही हा निकालही होता. तो निकाल इतका चुकीचा का ठरला, हे कळायला त्याच्या जन्माच्याही मागे जावं लागतं.

त्याचा बाप संडे सायलेन्स हा अमेरिकन घोडा. शिंगरू असताना त्याच्या मागच्या पायांची ठेवण कुणाला आवडली नाही, लिलावात त्याला नीट भाव आला नाही. १९८९ मध्ये त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. तरीसुद्धा पैदाशीसाठी अमेरिकी मालकांनी त्याच्याकडे पाठच फिरवली. घोड्यांची पैदास करणाऱ्या शादाई घराण्याचे प्रमुख झेन्या योशिदा यांनी त्याला विकत घेऊन होक्काइदोला आणलं. १९९५ ते २००७ अशी सलग १३ वर्षं तो जपानचा अव्वल पितृघोडा राहिला. आजची जपानी रेसिंग त्याच्याच रक्तावर उभी आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आई गोल्डन सॅश. ती स्वतः ट्रॅकवर चमकली नाही, पण तिचा सख्खा भाऊ सॉकर बॉय १९८८ ची माइल चॅम्पियनशिप जिंकलेला. दोघांचा बाप डिक्टस, फ्रान्समधल्या १९७१ च्या जाक ल मारवा शर्यतीचा विजेता. डिक्टसचं रक्त तापट म्हणून प्रसिद्ध होतं आणि संडे सायलेन्सही चावरा, आक्रमक. हे दोन्ही अंगार एकत्र आले आणि २४ मार्च १९९४ रोजी शिराओई फार्मवर एक लहानखुरं, काळपट शिंगरू जन्माला आलं. पुढे ऐन बहरातही त्याचं वजन साडेचारशे किलोच्या खालीच राहिलं.

ट्रेनर यासुओ इकेए यांच्या रित्तोच्या तबेल्यात तो आला तो दांडगाई घेऊनच. मागच्या पायांवर उभं राहणं, जवळ येणाऱ्याला दात दाखवणं, दुसरा घोडा दिसला की अंगावर जाणं हे रोजचंच. याला मांस टाकलं तर तेही खाईल, असं तिथली माणसं म्हणायची. डिसेंबर १९९६ मध्ये पहिली शर्यत झाली, तिसरा आला. फेब्रुवारी १९९७ मध्ये तिसऱ्या शर्यतीत तो वळणावर बाहेर उधळला आणि पाठीवरच्या शिगेफुमी कुमाझावांना पाडून मोकळा झाला. पहिला विजय मिळायला मे उजाडला. जूनमध्ये दुसरा, सप्टेंबरमध्ये तो तलावाच्या नावाचा तिसरा. मग क्लासिक मालिकेतली शेवटची शर्यत किक्का शो, तिथे आठवा. इथवर पाहिलं तर शेकडो मध्यम घोड्यांची हीच कथा असते.

आता १९९८. जपानच्या नियमात ग्रेड शर्यतीतला दुसरा क्रमांकही घोड्याच्या वर्गाच्या हिशोबात धरला जातो, त्यामुळे न जिंकताही वर चढता येतं. स्टे गोल्ड तसाच चढला. मे महिन्यात क्योतोची वसंत तेन्नो शो, ३,२०० मीटर. पैसे लावणाऱ्यांनी त्याला दहाव्या क्रमांकाची पसंती दिली होती. तो मेजिरो ब्राइटच्या मागे दुसरा आला. जुलैत ताकाराझुका किनेन. नववी पसंती, पुन्हा दुसरा, आणि पुढे कोण तर सायलेन्स सुझुका, स्टे गोल्डच्याच वर्षी जन्मलेला, त्याच बापाचा मुलगा. सुरुवातीपासून आघाडी घेऊन शेवटपर्यंत न दमणारा तो घोडा त्या वर्षी सगळ्या जपानच्या गळ्यातला ताईत होता. स्टे गोल्ड त्याच्यापासून घोड्याच्या पाऊण लांबीवर होता.

१ नोव्हेंबर १९९८ ची शरद तेन्नो शो कुणीच विसरलेलं नाही. सायलेन्स सुझुका सगळ्यांच्या खूप पुढे निघून गेला होता आणि तोक्योच्या तिसऱ्या-चौथ्या वळणादरम्यान, तिथल्या मोठ्या झाडाच्या पलीकडे, त्याचा पाय मोडला. त्याला वाचवता आलं नाही. उरलेली शर्यत ऑफसाइड ट्रॅपने जिंकली, स्टे गोल्ड दुसरा आला. त्या दिवशी दुसरा कोण आला, हे पाहण्याच्या मनःस्थितीत तिथे कुणीही नव्हतं. वर्षअखेरच्या अरिमा किनेनमध्ये तो तिसरा आला. एका वर्षात ग्रेड वनमध्ये तीनदा दुसरा आणि एकदा तिसरा, तरी ‘मुख्य विजय’ तोच, अकान-को.

१९९९ च्या शरद तेन्नो शोमध्ये लोकांनी त्याला थेट बाराव्या पसंतीवर टाकलं. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो पुढे आला, जिंकतो असं वाटलं, आणि बाहेरून जॉकी युताका ताके यांच्या स्पेशल वीकने येऊन मानेच्या अंतराने त्याला मागे टाकलं, तेही १ मिनिट ५८ सेकंदांच्या विक्रमी वेळात. मला ही शर्यत त्याच्या सगळ्या पराभवांत सर्वात जास्त लागते. विक्रम मोडला जाताना त्याच्या मानेभर अंतरावर असलेला घोडा दुय्यम कसा म्हणायचा?

रेसकोर्सवर घोड्याची किंमत करायची सोपी पट्टी एकच, किती जिंकला. त्या पट्टीवर स्टे गोल्ड शून्याजवळच राहायचा. कुणाकडून हरला, किती अंतराने हरला, किती वेळा अशा शर्यतींत टिकला, हे त्या पट्टीवर उमटत नाही. ज्यांच्यामागे तो आला त्यांची नावं वाचली तरी पुरे: मेजिरो ब्राइट, सायलेन्स सुझुका, स्पेशल वीक, ग्रास वंडर. जपानी रेसिंगच्या सर्वात भरलेल्या काळातली ही नावं आहेत. आणि त्याला न जिंकवणारी गोष्ट दमाची किंवा वेगाची नव्हतीच. पुढे निघाला की तो जोर सोडायचा, ऐन मोक्याला डावीकडे झुकायचा. त्याच्या मनात नसलं की त्याला कुणी पळवू शकत नसे. हे माझं मत, पण पुढचा इतिहास त्याच्याच बाजूने उभा राहतो.

२० मे २००० चा शनिवार, तोक्योत पाऊस. मेगुरो किनेन ही ग्रेड टू शर्यत. कुमाझावांच्या जागी पहिल्यांदाच युताका ताके पाठीवर होते, आधीच्या शरदात ज्यांनी त्याला मानेने हरवलं तेच. अकान-कोनंतर दोन वर्षं आठ महिन्यांनी आणि कारकिर्दीतल्या अडतिसाव्या शर्यतीत स्टे गोल्ड जिंकला. शनिवारची, पावसातली, ग्रेड टू शर्यत. पण छत्र्यांखालच्या लोकांनी टाळ्यांचा जो कडकडाट केला तो ग्रेड वनला शोभणारा होता. त्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं त्याच्यावर पैसे लावले होते आणि घालवले होते.

जानेवारी २००१ मध्ये त्याने शिंजी फुजितांसोबत निक्केई शिंशुन हाई जिंकली आणि तो दुबईला गेला. २४ मार्च २००१, त्याचा सातवा वाढदिवस. नाद अल शेबाची दुबई शीमा क्लासिक तेव्हा ग्रुप टू, म्हणजे दुसऱ्या दर्जाची होती. समोर दुबईच्या गोडॉल्फिन तबेल्याचा फँटास्टिक लाइट, आदल्या वर्षीचा याच शर्यतीचा विजेता. शेवटच्या पट्ट्यात फँटास्टिक लाइट पुढे गेला, स्टे गोल्ड बाहेरून आला आणि दोघांनी एकदमच रेषा ओलांडली. फोटो पाहून निकाल लागला: नाकाच्या अंतराने स्टे गोल्ड. त्याच वर्षी फँटास्टिक लाइटने आयर्लंडमध्ये गॅलिलिओला हरवलं आणि ब्रीडर्स कप टर्फही जिंकली. मायदेशात चौथा-सातवा येणाऱ्या घोड्याने कुणाला हरवलं होतं, हे जपानला तेव्हा पूर्णपणे उमगलं.

परत आल्यावर पुन्हा जुनाच स्टे गोल्ड. ऑक्टोबर २००१ च्या क्योतो दाइशोतेनमध्ये हिरोकी गोतो पाठीवर असताना तो टी एम ऑपेरा ओच्या पुढे पहिला आला, पण वाटेत डावीकडे सरकला आणि त्या गर्दीत नारिता टॉप रोडचा जॉकी खाली पडला. स्टे गोल्डला बाद केलं गेलं. नारिता टॉप रोड हा सॉकर बॉयचा मुलगा, म्हणजे नात्याने स्टे गोल्डचा मामेभाऊच. शरद तेन्नो शोमध्ये सातवा, जपान कपमध्ये चौथा. आता एकच शर्यत उरली होती.

१६ डिसेंबर २००१, हाँगकाँगचं शा टिन रेसकोर्स, २,४०० मीटरची हाँगकाँग व्हाज. तिथल्या याद्यांत त्याचं नाव चिनी अक्षरांत छापलं होतं, अर्थ ‘सोनेरी प्रवास’. ही त्याची पन्नासावी शर्यत आणि ग्रेड वनमधला विसावा प्रयत्न. पाठीवर ताके. शेवटचं वळण संपलं तेव्हा जॉकी फ्रँकी देत्तोरींचा एक्रार कित्येक लांब्या पुढे निसटला होता आणि हाताला लागणार नाही असंच दिसत होतं. त्यात स्टे गोल्ड झुकला, तोही या वेळी उजवीकडे, आतल्या कठड्याच्या दिशेने. ताकेंनी लगाम खेचून त्याला सरळ केलं. त्यानंतरच्या काही सेकंदांचं चित्रीकरण मी किती वेळा पाहिलं याचा हिशोब नाही. मान खाली जाते, पावलं लांबतात, आणि एवढासा घोडा एक्रारचं अंतर गिळत सुटतो. शंभर मीटर राहिले तरी पोचणार नाही असं वाटतं. रेषेवर तो डोक्याभर पुढे असतो.

त्याआधी सीकिंग द पर्ल, तायकी शटल, एल कोंदोर पासा यांनी जपानी तबेल्यांतून जाऊन युरोपात ग्रुप वन जिंकल्या होत्या, पण त्यांचा जन्म अमेरिकेतला. जपानमध्ये जन्मलेल्या आणि जपानमध्येच तयार झालेल्या घोड्याने परदेशातली ग्रुप वन जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पन्नास शर्यती, सात विजय, आणि त्यातला शेवटचा असा. त्या दिवशी शा टिनला एशिन प्रेस्टन आणि ॲग्नेस डिजिटल यांनीही मोठ्या शर्यती जिंकल्या, पण सर्वात जास्त डोळे स्टे गोल्डसाठी पाणावले. वर्षअखेरीस जपान रेसिंग असोसिएशनने त्याला विशेष पुरस्कार दिला.

पण कमी लेखणं इथेही थांबलं नाही. संडे सायलेन्सचे एकाहून एक देखणे, मोठे मुलगे तेव्हा पैदाशीला उभे होते. लहान चणीच्या, सात विजयांच्या, वाईट स्वभावाच्या या घोड्याला शादाईच्या मुख्य स्टॅलियन स्टेशनवर जागा मिळाली नाही. तो हिदाका भागात गेला, बेताच्या फीला, बेताच्या घोड्यांकडे. त्याच्याकडे आलेल्या घोड्यांमध्ये एक घोडी होती ओरिएंटल आर्ट. तिचा बाप मेजिरो मॅक्वीन, म्हणजे यासुओ इकेए यांच्याच तबेल्यातला. त्या जोडीपासून ड्रीम जर्नी झाला, ज्याने २००९ ची ताकाराझुका किनेन आणि अरिमा किनेन जिंकली. नंतर ओरिएंटल आर्टला डीप इम्पॅक्टकडे पाठवलं होतं, पण ती गाभण राहिली नाही, म्हणून पुन्हा स्टे गोल्डकडे आणली. त्यातून ऑर्फेव्र जन्मला, २०११ चा तिहेरी मुकुट, म्हणजे तिन्ही मोठ्या क्लासिक शर्यतींचा विजेता. ड्रीम जर्नी आणि ऑर्फेव्र, दोघांना घडवलं इकेए यांचा मुलगा यासुतोशी याने. बापाने बाप सांभाळला, मुलाने मुलगे.

आणि स्वभाव जसाच्या तसा उतरला. किक्का शो जिंकल्यावर ऑर्फेव्रने जॉकीला पाडलं. २०१२ च्या हानशिन दाइशोतेनमध्ये तो अर्ध्या वाटेत बाहेर उधळून जवळजवळ थांबलाच आणि तिथून परत येऊन दुसरा आला. मॅक्वीनच्याच दुसऱ्या एका मुलीपासून झालेला गोल्ड शिप सहा ग्रेड वन जिंकला आणि २०१५ च्या ताकाराझुका किनेनमध्ये गेट उघडताना दोन पायांवर उभा राहून लोकांचे हजार कोटींहून अधिक येन घेऊन बुडाला. फेनोमेनोने वसंत तेन्नो शो दोनदा जिंकली, जिथे बाप दुसरा आला होता तीच. नाकायामा फेस्टा २०१० च्या आर्कमध्ये, म्हणजे पॅरिसच्या युरोपातल्या सर्वात मानाच्या शर्यतीत, डोक्याच्या अंतराने दुसरा आला.

ऑक्टोबर २०१२ मध्ये पॅरिसच्या लाँशां रेसकोर्सवर, त्याच आर्कमध्ये, ऑर्फेव्र शेवटच्या पट्ट्यात सगळ्यांना मागे टाकून एकटाच पुढे निघाला. जपानने इतकी वर्षं वाट पाहिलेली आर्क हातात आली होती. आणि मग तो उजवीकडे झुकू लागला, आतल्या कठड्याकडे, अगदी बापासारखा. सोलेमियाने त्याला मानेने गाठलं. बापाला शा टिनला झुकल्यानंतर सावरायला वेळ मिळाला होता. मुलाला मिळाला नाही.

स्टे गोल्ड ५ फेब्रुवारी २०१५ रोजी गेला, एकविसाव्या वर्षात पोचून. त्याच्या शेवटच्या काही पिढ्यांतला विन ब्राइट हाही मोठ्या घराण्यातला वगैरे मानला गेला नव्हता. २८ एप्रिल २०१९ ला त्याने शा टिनला क्वीन एलिझाबेथ कप जिंकला आणि ८ डिसेंबरला परत जाऊन हाँगकाँग कप. बाप ज्या पट्ट्यावर धावला, त्याच पट्ट्यावर.