गुरांच्या दवाखान्यातले दोन साहेब

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाला 'कामाच्या ठिकाणी वातावरण कसं आहे?' असं विचारलं, तर तो शिंग उगारणाऱ्या बैलाबद्दल क्वचितच बोलतो. बोलतो साहेबांबद्दल. कुठल्या साहेबांबद्दल, ते मात्र विचारून घ्यावं लागतं.

मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघालं, तेव्हा बुळकांडीसारख्या गुरांच्या साथींशी झुंजायचं काम मोठं होतं. पुढे खातं निघालं, तेही एकच. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावचे दवाखाने त्यांच्याकडे गेले. जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय, म्हणजे गुरांचं मोठं रुग्णालय, राज्याच्या पशुसंवर्धन खात्याकडेच राहिलं. त्यामुळे एका जिल्ह्यात खात्याचे उपायुक्त वेगळे आणि परिषदेचे पशुसंवर्धन अधिकारी वेगळे. पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्याला रोगाचं खात्याला सांगायचं आणि बैठकीला गटविकास अधिकाऱ्यांपुढे बसायचं. (फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल-फ्री क्रमांकही १९६२च, हा योगायोगच म्हणायचा.)

दोन साहेबांची ही एक गाठ. दुसरी कायद्याची, आणि माझ्या मते हीच जास्त घट्ट. श्रेणी-१च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्य, श्रेणी-२मध्ये पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करायचे नोंदणीकृत पदवीधराने. पदविकाधारकाला फक्त किरकोळ सेवा, त्याही पदवीधराच्या देखरेखीखाली. कागदावर हे सरळ दिसतं. पण श्रेणी-२च्या गावात पर्यवेक्षक एकटा असतो आणि देखरेख करणारा दुसऱ्याच गावी, बऱ्याचदा आणखी एखाद्या दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार घेऊन. रात्री म्हैस अडली की शेतकरी पर्यवेक्षकालाच 'डॉक्टर' म्हणून उठवतो. कायदा त्याला डॉक्टर म्हणत नाही. पदवीधराचं गाऱ्हाणं उलटं: न पाहिलेल्या उपचाराची जबाबदारी माझ्या डोक्यावर का? दोघांनाही वाटतं, वरचे लोक दुसऱ्याच्या बाजूचे.

ऑगस्ट २०२२मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला. लसीकरणाला दोघे एकाच गोठ्यात उतरले, तेव्हा हे भांडण काही दिवस बाजूला पडलं. नंतर जनावरांच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यांच्या ऑनलाइन नोंदी दोघांच्याही मागे लागल्या.

या वादात व्रणोपचारक (जखमा बांधणारे) आणि परिचर (मदतनीस) कुठेच नसतात. खोड्यात जनावर अडकवायचं, दावं ओढून धरायचं, ते त्यांनी. त्यांची जागा रिकामी असली की दावं शेतकऱ्याच्याच हातात येतं.