अक्कल माणसात नाही, फ्रिजमध्ये

रविवारी पोहे-जिलबी हाणून झाल्यावर भाची लॅपटॉपवर सिम्स, म्हणजे छोट्या माणसांचं घर चालवायचा गेम, खेळत बसली आणि थोड्या वेळात ओरडली, "मामा, हा बघ कसा वेडा, इतकी जोरात सू लागलीये तरी नुसता हात हलवत उभाय!"

वेडा म्हणजे काय, त्या बिचाऱ्याला अक्कल दिलेलीच नाहीये मुळात. हा गेम आधी माणसांचा नव्हताच, घरं बांधायचा होता. सिमसिटी हा शहर वसवायचा गेम बनवणाऱ्या विल राइटचं घर १९९१ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या आगीत जळालं, सगळं परत जमवताना तो विचार करू लागला की माणसाला घरात नक्की काय काय लागतं, आणि त्यातून हे सुचलं. तुम्ही घर बांधायचं, आतली छोटी माणसं त्यात वावरून सांगणार घर जमलंय का ते. पण बघायला मजा माणसांचीच यायला लागली! नाव होतं डॉलहाऊस, आता बाहुलीघर म्हटल्यावर कंपनीत कोण उड्या मारणार, त्यामुळे रखडत रखडत गेम आला तो थेट २००० च्या फेब्रुवारीत.

आता अक्कल कुठेय ते सांगतो. रात्री इंदूरच्या सराफ्यात, खाऊगल्लीत, गेलं की आपण कुठे ठरवून जातो, तळलेल्या कंदाचा गराडूवाला हाक मारतो, भुट्ट्याच्या किसाचा वास येतो, ज्याची हाक पोटाला पटेल तिकडे पाय वळतात. सिम्सचं डिट्टो तेच. पहिल्या गेममध्ये प्रत्येक माणसाला आठ गरजा, भूक, झोप, करमणूक वगैरे, त्यांचे मीटर उतरत राहतात, आणि घरातली प्रत्येक वस्तू हाका मारत असते, फ्रिज म्हणतो भूक भागवतो, पलंग म्हणतो झोप देतो. जी गरज जास्त पेटलीये तिची हाक मोठी, लांबच्या वस्तूची बारीक. वापरायचं कसं हेसुद्धा वस्तूतच लिहिलेलं, म्हणून नवीन वस्तू आणून ठेवली की माणसाला काही शिकवावं लागत नाही. ही आयडिया राइटला मुंग्यांवरून आली, १९९१ मध्येच त्याचा मुंग्यांचा गेम सिमअँट आला होता, त्यातली मुंगीही स्वतः फार डोकं लावत नाही, रस्त्यावरच्या वासामागे जाते.

मग भाचीचा माणूस अडला का? बघितलं तर तिने बाथरूमच्या दारात सोफा ठेवलेला! संडास हाका मारतोय, जायला रस्ताच नाही. सोफा सरकवेपर्यंत फरशीवर झालंच.

आणि ते डबकंही गेमसाठी एक वस्तूच, लगेच हाक मारायला लागलं, ये, मला पूस.